चार बीकर आणि सोलचे तिकीट

काचेची एक पट्टी आणि चार बीकर. पहिल्या बीकरमध्ये धातूच्या क्षाराचे द्रावण, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात गंधकाच्या संयुगाचे द्रावण, चौथ्यात पुन्हा पाणी. पट्टी पहिल्यात बुडवायची, काही सेकंद धरायची, पाण्यात खळबळायची, तिसऱ्यात बुडवायची, पुन्हा पाण्यात खळबळायची. झाले एक आवर्तन. अशी पन्नास-शंभर आवर्तने झाली, की काचेवर धातूच्या सल्फाइडचा थर दिसू लागतो. त्याची जाडी माणसाच्या केसापेक्षा शंभर-दोनशे पटींनी कमी. थर नीट बसला तर ठीक. पोपडे सुटले तर काच घासूनपुसून पहिल्यापासून. द्रावणाची आम्लता जरा सरकली, बुडवण्याचा वेळ थोडा चुकला, की दिवस वाया.

या पद्धतीला ‘सिलार’ म्हणतात. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या निकोलाऊ यांनी १९८५मध्ये ती मांडली आणि कोल्हापुरात ती रुजली. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र अधिविभागातील एच. एम. पठाण आणि सी. डी. लोखंडे यांनी २००४मध्ये ‘बुलेटिन ऑफ मटेरियल्स सायन्स’ या नियतकालिकात या पद्धतीचा आढावा घेणारा निबंध लिहिला. या विषयात नव्याने शिरणारा विद्यार्थी, मग तो कुठल्याही देशातला असो, आजही त्या निबंधापाशी येतोच. त्याआधी १९९९मध्ये पी. एस. पाटील यांनी तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून थर तयार करण्याच्या ‘स्प्रे पायरॉलिसिस’ पद्धतीचा असाच आढावा घेतला होता. सौरघट, वायू ओळखणारे संवेदक, वीज साठवणारे सुपरकपॅसिटर अशा कितीतरी गोष्टींच्या मुळाशी हे पातळ थर असतात.

कोल्हापूरने नेमक्या याच पद्धती का उचलल्या, याचे उत्तर विद्यापीठाच्या तिजोरीत आहे. थर तयार करण्याच्या महागड्या पद्धतींना निर्वात पोकळी निर्माण करणारी यंत्रे लागतात, ती चालवायला अखंड वीज लागते, बिघडली तर परदेशातून सुटे भाग मागवावे लागतात. १९६२मध्ये माळरानावर उभ्या राहिलेल्या राज्य विद्यापीठाकडे तेवढा पैसा कधीच नव्हता. बीकर, हीटर, तापमापक आणि न कंटाळणारी पोरे मात्र होती. त्या भांडवलावर विज्ञानाची एक शाखाच इथे उभी राहिली. गरिबीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण हाताशी आहे त्यातून जागतिक दर्जाचे काम कसे उभे करावे, याचा महाराष्ट्रातला हा उत्तम नमुना आहे, हे मान्य करायला हवे.

प्रश्न पुढचा आहे. ही न कंटाळणारी पोरे पीएचडी झाल्यावर जातात कुठे?

बरीच जण दक्षिण कोरियाला जातात. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याच्या खेड्यांतून आलेल्या संशोधकांना सोल, ग्वांगजू ही नावे आता पुण्या-मुंबईइतकीच ओळखीची झाली आहेत. लोखंडे यांच्या प्रयोगशाळेने २०००नंतर सोलमधील हानयांग विद्यापीठ आणि ‘किस्ट’ या संस्थेतील सहकाऱ्यांबरोबर अनेक शोधनिबंध लिहिले. पाटील यांच्या गटाचे ग्वांगजूच्या चोन्नाम राष्ट्रीय विद्यापीठाशी असेच संबंध जुळले. गेलेल्याने मागच्याला बोलावले, त्याने आपल्या मागच्याला. ‘सर, एखादी पोझिशन आहे का?’ हा व्हॉट्सॲपवरचा निरोप इथून तिथे जातो आणि काही महिन्यांत कुणीतरी आईने बांधून दिलेली चटणी-लोणच्याची पाकिटे बॅगेत भरून विमानात बसतो.

कोरियाला ही माणसे का हवी असतात, यात गूढ काही नाही. तिथल्या सरकारने १९९९मध्ये ‘ब्रेन कोरिया २१’ हा कार्यक्रम सुरू करून विद्यापीठांतील संशोधनात पैसा ओतला. कोरिया आज आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जवळपास पाच टक्के रक्कम संशोधनावर खर्च करतो आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा उद्योग उचलतात. तिथले हुशार तरुण मोठ्या कंपन्यांच्या पगाराकडे वळतात, तेव्हा विद्यापीठांतील प्रयोगशाळांना बाहेरचे हात लागतात. भारताचा संशोधनावरचा खर्च ०.६४ टक्क्यांवर अडकलेला आहे आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा साधारण ३६ टक्के. शंभर आवर्तने बिनतक्रार करू शकणारा कोल्हापूरचा पोरगा कोरियातल्या प्राध्यापकाला हवाच असतो.

तिथेही सगळे गोड नसते. करार बहुधा वर्षाचा. नूतनीकरण प्राध्यापकाच्या मर्जीवर आणि छापून आलेल्या निबंधांवर. रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबणे हा तिथला शिष्टाचार. पण पगार ठरल्या तारखेला जमा होतो, यंत्र बंद पडले तर त्याच आठवड्यात दुरुस्त होते, रसायन मागवले की येते. या तीन साध्या गोष्टींसाठी माणूस देश सोडतो, हे आपल्या व्यवस्थेबद्दल पुरेसे सांगून जाते.

ही व्यवस्था संशोधकांकडे कशी पाहते, हे विधिमंडळातही दिसले. डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कोल्हापूरचे आमदार सतेज पाटील यांनी विधान परिषदेत ‘सारथी’ या राज्य सरकारच्या संस्थेकडून संशोधकांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा मुद्दा मांडला. ही वृत्ती दोनशे जणांपुरती मर्यादित करण्याच्या निर्णयाला त्यांचा आक्षेप होता. त्यावर तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, असा सवाल केला. राज्यभर संताप उसळला, त्यांनी नंतर खुलासाही केला. पण सवाल ज्या मनोवृत्तीतून आला, ती एकट्या मंत्र्यांची नाही. गावच्या पारावर, लग्नाच्या बैठकीत, सरकारी कचेरीत हाच प्रश्न थोड्या सभ्य भाषेत विचारला जातो.

आणि प्रश्नात तथ्य अजिबात नाही, असेही म्हणता येणार नाही. नोकरी नाही तोवर अधिछात्रवृत्ती घेऊ, म्हणून पीएचडीला नाव नोंदवणारे आहेत. इकडचे उचलून तिकडे चिकटवलेले प्रबंध आहेत. पुढाऱ्यांच्या कार्यावर प्रबंध लिहून पुढाऱ्यांच्याच हस्ते सत्कार घेणारेही आहेत. करदात्याचा पैसा कुठे जातो, हे विचारण्याचा सरकारला अधिकार आहे. फक्त ते विचारण्याआधी सरकारने एक साधी माहिती गोळा करायला हवी होती: आजवर ज्यांना वृत्ती दिली, ते आता काय करतात? असा तक्ता सभागृहासमोर आला असता, तर दिव्यांची चर्चा जरा नेमकी झाली असती.

त्याऐवजी पुढच्या काही आठवड्यांत जे घडले, ते सगळ्यांना आठवत असेल. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या तिन्ही संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी चाळणी परीक्षा झाली. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर मुलांच्या लक्षात आले, की ही तर २०१९च्या सेट परीक्षेची जुनी प्रश्नपत्रिका आहे. परीक्षा रद्द झाली. १० जानेवारी २०२४ रोजी ती पुन्हा घेतली, तेव्हा प्रश्नपत्रिकांचे काही संच मोहोरबंद नसल्याची तक्रार करत विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. संशोधनात नवे काहीतरी शोधा, असे ज्यांना सांगायचे, त्यांनाच जुना पेपर नवा म्हणून दिला गेला. त्याच्या आदल्या वर्षभरात बार्टीचे ८६१ संशोधक विद्यार्थी अधिछात्रवृत्तीच्या मागणीसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसले होते, ते वेगळेच.

रकमेचे आकडे बाहेरून बरे दिसतात. १ जानेवारी २०२३पासून केंद्राच्या दराने कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी वरिष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. पण ‘महिन्याला’ हा शब्द कागदावर राहतो. रक्कम कधी चार महिन्यांनी येते, कधी आठ. २०२४-२५मध्ये केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर’ या नामांकित योजनेतील संशोधकांनाही पैसे देण्याची पद्धत बदलल्यामुळे कित्येक महिने हात पसरावे लागले. पैसे कसे खर्चले हे सांगणारे उपयोगिता प्रमाणपत्र विद्यापीठात अडकते, ते सुटले तर पोर्टल बंद पडते, पोर्टल सुरू झाले तर आर्थिक वर्ष संपलेले असते. दरम्यान खोलीभाडे, मेसचे बिल आणि नमुना तपासणीचे शुल्क मात्र वेळेवर द्यावे लागते.

कोल्हापुरात तालमीचे उदाहरण द्यायला हरकत नसावी. वस्तादाने पठ्ठ्याला सांगितले, की जोर-बैठका रोज मार, आखाडा रोज खण, खुराक मात्र सहा महिन्यांनी एकदम मिळेल, तर तो पठ्ठ्या किती दिवस टिकेल? शाहू महाराजांना हे कळत होते. त्यांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९०१पासून एकामागून एक वसतिगृहे काढली, कारण खेड्यातल्या मुलाला शाळा दाखवून भागत नाही, त्याच्या जेवणाची आणि झोपण्याचीही सोय लागते. त्यांच्याच नावाने चालणाऱ्या सारथी संस्थेला वृत्ती वेळेवर देता येऊ नये, याची खंत कोल्हापूरकरांना इतरांपेक्षा जास्त वाटायला हवी. सारथीचे पहिले उपकेंद्र २०२१च्या शाहू जयंतीला याच शहरात सुरू झाले होते.

ज्यांना वृत्तीच नाही, त्यांची गोष्ट आणखी निराळी. केंद्रीय विद्यापीठांत नेट परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या पीएचडी विद्यार्थ्यालाही महिन्याला ८,००० रुपये मिळतात. ती रक्कम आजच्या काळात हास्यास्पद आहे, पण राज्य विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला तीही नाही. तो सकाळी एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयात तास घेतो, संध्याकाळी खासगी क्लासमध्ये शिकवतो, मधल्या वेळेत प्रयोगशाळा. उसाचे बिल आले, की घरून थोडे पैसे येतात. स्थळ बघायला आलेले पाहुणे विचारतात, ‘मुलगा काय करतो?’ आई सांगते, ‘पीएचडी.’ त्यावर पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे अजून शिकतोच आहे का?’

मुलींच्या वाटेतल्या अडचणी वेगळ्या आहेत. पीएचडीच्या नियमांत महिलांना २४० दिवसांची प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे, प्रबंधासाठी दोन वर्षांची वाढीव मुदतही आहे. नियम चांगले आहेत. पण रजेवरून परतल्यावर प्रयोगशाळेतली आपली जागा आणि अर्धवट राहिलेला विषय दुसऱ्याकडे गेलेला असला, तर त्यावर नियमात उपाय नाही. आणि पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, म्हणजे पोस्टडॉकला, कोरियाला जायचे, तर सासरची परवानगी ही आणखी एक प्रवेश परीक्षा. एमएस्सीच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुली दिसतात. पुढच्या प्रत्येक पायरीवर त्या कमी होत जातात.

विद्यापीठाच्या आत गेले, की सगळा खेळ गाइडभोवती फिरतो. विषय तो ठरवतो, सहामाही प्रगती अहवालावर सही तो करतो, सिनॉप्सिस कधी द्यायचा हे तोच सांगतो, बाहेरच्या प्राध्यापकाला शिफारसपत्रही तोच देतो. चांगला गाइड लाभला तर आयुष्याचे सोने होते, आणि कोल्हापुरात असे गाइड होते, आहेत. विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरणारे, पोराला परदेशी पाठवून विमानतळावर सोडायला जाणारे. पण एखादी व्यवस्था माणसाच्या चांगुलपणावरच उभी असेल, तर चांगुलपणा संपला तिथे दाद मागायला जागा राहत नाही. विद्यापीठाच्या नॅक मूल्यांकनाची फाइल तयार करणे, परिषदेत पाहुण्यांना गाडीने आणणे, परीक्षेच्या कामाला बसणे, सरांच्या नातेवाइकाच्या प्रकल्पाला ‘जरा हात लावणे’ ही कामे संशोधक विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात आणि ‘सरांचे काम आहे’ म्हटल्यावर प्रश्न संपतो. पैसे देताना तो विद्यार्थी असतो आणि काम सांगताना कर्मचारी.

यात भर पडली ती मोजमापाच्या वेडाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१०मध्ये प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले आणि प्रत्येक निबंधाला भाव आला. भाव आल्यावर बाजारही आला. पैसे भरून आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या नियतकालिकांचे पीक इतके माजले, की २०१८मध्ये भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्याचा पंचनामाच केला. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या आणि या गटाने तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. मग आयोगाने ‘केअर’ नावाची निवडक यादी काढली, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी पुन्हा संस्थांवर टाकली. पीएचडीआधी निबंध छापून आलाच पाहिजे, ही अट २०२२च्या नियमांनी काढली, हे बरे झाले. पण नोकरीच्या मुलाखतीत ‘किती पेपर?’ हाच पहिला प्रश्न असेल, तर अट गेली काय आणि राहिली काय.

आता नवा छंद ब्रिटनमधल्या डिझाइन नोंदणीचा. एखाद्या उपकरणाचे चित्र दाखल करून ते कसे दिसते, याची नोंदणी करता येते. ही नोंदणी करताना तिथले कार्यालय ते डिझाइन खरोखर नवे आहे का, याची तपासणी करत नाही. तरी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी येते: प्राध्यापकांना ब्रिटनचे पेटंट. चार-पाच जणांचा फोटो, मध्ये प्राचार्य, हातात प्रमाणपत्र. यात वर्तमानपत्रेही दोषी आहेत. जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी दरवर्षी आली, की चौकात फलक लागतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तयार केलेली ही यादी निबंधांना मिळालेल्या संदर्भांवर आधारलेली आहे आणि त्यात कोल्हापूरची नावे असणे ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ज्या विद्यार्थ्यांनी काचेच्या पट्ट्या बुडवल्या, त्यांची नावे फलकावर नसतात.

मोजपट्टी एकच ठेवली, की कोणाचे नुकसान होते, ते विशाळगडावर दिसते. कोल्हापूरच्या न्यू कॉलेजच्या संशोधकांनी २०२३मध्ये विशाळगडाच्या परिसरातून कंदीलपुष्पाची एक नवी प्रजाती जगासमोर आणली. सेरोपेजिया गटातल्या या वनस्पतीला शिवाजी महाराजांच्या नावावरून ‘शिवरायिना’ हे नाव देण्यात आले. शिवाजी विद्यापीठाचे ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव यांचा या कामात सहभाग होता. कंदीलपुष्पे शोधण्यात आणि विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात ती जगवण्यात त्यांनी आयुष्य घातले आहे. ही फुले पावसाळ्यात थोडे दिवस दिसतात. हंगाम चुकला, तर वर्षभर थांबायचे. धुक्यात, निसरड्या कड्यावर, जळवा काढत फिरायचे आणि मग पाकळ्यांची, केसरांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजत बसायचे. अशा कामातून वर्षाला दहा निबंध निघत नाहीत. वर्गीकरणशास्त्राच्या नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ही पदार्थविज्ञानाच्या मानाने किरकोळ असतो. दोघांना एकाच तराजूत घातले, तर उद्या सह्याद्रीत फिरणारा वनस्पतिशास्त्रज्ञ औषधालाही मिळणार नाही.

इतके सोसून पदवी मिळाली, तरी नोकरी कुठे आहे? राज्य सरकारने २०१८मध्ये अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांच्या ३,५८० जागा भरायला मान्यता दिली. मे २०२०मध्ये कोविडच्या काळात वित्त विभागाने भरतीच थांबवली. त्यातल्या उरलेल्या २,०८८ जागांना पुन्हा मंजुरी मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. दरम्यान निवृत्त होणारे निवृत्त होत राहिले. रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे प्राध्यापक आले. जितके तास, तितके पैसे. दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, परीक्षेचा काळ बिनपगारी. बिले काही महिन्यांनी निघतात. पीएचडी, सेट, नेट सगळे असलेला चाळिशीचा माणूस एकाच आठवड्यात दोन-तीन महाविद्यालयांत दुचाकीवरून फिरतो. अशा माणसाकडून नवे संशोधन होण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? आणि कायम जागेची जाहिरात निघाली, की शैक्षणिक पात्रतेआधी ‘दर काय चाललाय’ याचीच कुजबुज सुरू होते, हे सगळ्यांना ठाऊक असलेले, कोणी लेखी न देणारे वास्तव आहे.

परदेशी जाणे ही काही तक्रारीची गोष्ट नाही. कोल्हापूरची माणसे पूर्वीही जात होती. १९०८मध्ये इथे जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजला गेले आणि १९३२मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. कोल्हापूरचेच वसंतराव हुजूरबाजार केंब्रिजहून परतले आणि पुणे विद्यापीठात त्यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभारला. त्यांचे भाचे आणि विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर, जन्म १९३८, कोल्हापूर, हे १९७२मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली. या तिघांच्या बुद्धिमत्तेबद्दल नेहमी लिहिले जाते. त्यांच्या परतण्यामागची साधी बाब मात्र नजरेआड राहते: परत यायला जागा होती. कुणीतरी पद निर्माण केले होते, कुणीतरी बोलावले होते. आज ग्वांगजूत पाच वर्षे काढलेल्या, उत्तम काम केलेल्या राधानगरीच्या किंवा शिरोळच्या संशोधकाला बोलवायला कोल्हापुरात कोणते पद आहे? परतला, तर त्याच्यापुढे तासिका तत्त्वच आहे.

पीएचडी आणि कायम प्राध्यापकपद यांच्या मधला टप्पाच आपल्या राज्य विद्यापीठांत जवळपास नाही. जगभर या टप्प्यावर माणूस स्वतःच्या पायावर उभा राहायला शिकतो, स्वतःचा विषय शोधतो, प्रकल्पासाठी पैसे आणायला शिकतो. तो टप्पा आपण कोरियाकडे सोपवला आहे. संशोधक घडवायचा खर्च महाराष्ट्राचा, त्याची उमेदीची वर्षे कोरियाची.

उद्योगांनी तरी हात द्यायला हवा होता. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत ओतकामाचे कारखाने दाटीने उभे आहेत. इचलकरंजीत यंत्रमाग, हुपरीत चांदी, जिल्ह्याभर साखर आणि गूळ. ओतकामात वापरून टाकलेल्या वाळूचे काय करायचे, धातूवर टिकाऊ लेप कसा द्यायचा, चांदी काळी पडण्यापासून कशी वाचवायची, हे सगळे पदार्थविज्ञानाचेच प्रश्न. विद्यापीठाचे अद्ययावत उपकरण केंद्र कारखान्यांपासून काही मैलांवर आहे. तरीही पीएचडी झालेल्याला कारखान्यात घेणारा मालक विरळा. ‘एवढा शिकलेला माणूस आमच्याकडे टिकेल का?’ असे मालक म्हणतात. ‘एवढे शिकून कारखान्यात?’ असे घरचे म्हणतात. दोन्ही बाजूंनी संकोच, आणि मध्ये रिकामा रस्ता.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, अधिछात्रवृत्ती दर महिन्याच्या ठरावीक तारखेला थेट खात्यात जमा व्हावी. त्यासाठी संस्थांना वर्षाची रक्कम आगाऊ द्यावी आणि हिशेब मागाहून घ्यावा. शिक्षकांचा पगार उपयोगिता प्रमाणपत्र येईपर्यंत कोणी थांबवत नाही, मग संशोधकाचीच वृत्ती का?

दुसरी गोष्ट, राज्याने स्वतःच्या विद्यापीठांसाठी पोस्टडॉकच्या जागा निर्माण कराव्यात. केंद्राच्या दराने संशोधन सहयोगीला सुरुवातीला महिन्याला ५८,००० रुपये मिळतात. असे शंभर जण तीन-तीन वर्षांच्या करारावर घ्यायचे ठरवले, तर मूळ वेतनाचा खर्च वर्षाला सुमारे ७ कोटी रुपये येतो. २०२५-२६चा महाराष्ट्राचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. म्हणजे एक लाख रुपयांतला एक रुपया. निवड राज्याबाहेरच्या तज्ज्ञांच्या समितीने करावी आणि परदेशातून परतणाऱ्यांसाठी त्यातल्या काही जागा राखाव्यात. शंभरांपैकी वीस जण जरी इथे रुजले, तरी पुढची पिढी घडवायला माणसे मिळतील.

तिसरी, गाइड आणि विद्यार्थी यांच्यात पहिल्याच दिवशी लेखी करार असावा: कामाचे तास, रजा, निबंधावर कोणाचे नाव कुठे, मतभेद झाले तर कोणाकडे जायचे. तक्रार ऐकणारा माणूस अधिविभागाबाहेरचा असावा. गाइड बदलायचा, तर वर्षे वाया जाऊ नयेत. आज एका प्राध्यापकाकडे एकाच वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. त्यांतले किती जण वेळेत पूर्ण झाले आणि किती मध्येच सोडून गेले, हेही गाइडच्या बढतीच्या वेळी पाहिले जावे.

हे सगळे मुंबईतून होईल तेव्हा होईल. एक काम मात्र विद्यापीठ स्वतःच्या अखत्यारीत याच वर्षी करू शकते, आणि त्याला एक रुपयाही लागणार नाही. प्रत्येक अधिविभागाने गेल्या दहा वर्षांत पीएचडी झालेल्यांची नावे वगळून आकडेवारी जाहीर करावी: किती परदेशी, किती उद्योगात, किती कायम नोकरीत, किती तासिका तत्त्वावर, किती जणांनी क्षेत्रच सोडले, प्रबंधाला सरासरी किती वर्षे लागली. २०२१मध्ये नॅकची ‘ए प्लस प्लस’ श्रेणी मिळवताना विद्यापीठाने याहून कितीतरी अवघड माहिती जमवली होती. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षात असलेल्या मुलीला पीएचडीला नाव घालण्याआधी हा तक्ता पाहता यायला हवा. अधिसभेत एखाद्या सदस्याने तो मागितला, तर प्रशासनाला नाही म्हणता येणार नाही. आणि विधिमंडळाच्या पुढच्या अधिवेशनात अधिछात्रवृत्तीचा विषय निघेल, तेव्हा कोल्हापूरच्या आमदारांच्या हातात तोच कागद असला, तर सभागृहात चर्चा आकड्यांवर होईल.